पाठपुरावा चालू आहे

ऑफिसात परत या, असं फर्मान निघालं ते टाइप मीच केलं होतं. मजकूर साहेबांचा. पण साहेबांचा मजकूर म्हणजे फोनवर सांगितलेली अडीच वाक्यं आणि शेवटी "बाकी तुम्ही बघून घ्या". ते 'बाकी' पाऊण पान भरतं. गेली सव्वीस वर्षं मी हे बाकीचं बघत आले आहे. तर त्या पाऊण पानात 'समोरासमोरचा संवाद', 'आपली कार्यसंस्कृती' वगैरे ऐवज घालून, 'सर्वांनी यापुढे मुख्यत्वे ऑफिसातूनच काम करायचे आहे' असं लिहिलं, एकशे बारा जणांना धाडलं आणि क्षणात ते मलाच येऊन पडलं. मी उघडून वाचलं. वाचून वाईट वाटलं.

फर्मान सुटलं तेव्हा साहेब लोणावळ्याच्या घरी होते. अजूनही मुख्यत्वे तिथेच असतात.

'मुख्यत्वे' या शब्दावरून पुढचे तीन दिवस फोन येत होते. मुख्यत्वे म्हणजे आठवड्याचे तीन दिवस की चार? शुक्रवार धरायचा का? अर्धा दिवस येऊन गेलं तर तो मुख्यत्वेत बसतो का? एचआरमधल्या पोरीने शेवटी 'ज्याच्या त्याच्या टीमच्या सोयीनुसार' असा खुलासा काढला (तोही मीच टाइप केला) आणि लोक निवळले. आमची सोय मात्र फर्मानाच्या सातव्या कलमातच झाली होती: 'सपोर्ट स्टाफने पाचही दिवस उपस्थित राहावे.' सातवं कलम सांगताना साहेबांचा आवाज जरा खाली आला होता, पण रेंजही गेली असेल.

सपोर्ट स्टाफ म्हणजे आम्ही. रिसेप्शन, आवक-जावक, पेटी कॅश, कुरियर, पॅन्ट्रीतला दादा आणि "ताई, जरा बघता का" या सदरात मोडणारं सगळं. याचं मराठी करायचं तर 'आधार कर्मचारी' करावं लागेल. ते चपखलही आहे. आधारसारखंच आमचं असतं, लोकांना आमची आठवण झेरॉक्स लागली की होते.

जुना शब्द बरा होता. कारकून. फारसीतून आलेला. 'कार' म्हणजे काम, 'कुन' म्हणजे करणारा. इतकं सरळ पदनाम नंतर कुणाच्या वाट्याला आलं नाही. आमच्याकडे आता 'ग्रोथ पार्टनर' आहेत, 'चेंज लीड' आहेत, पण काम करणारा असा स्पष्ट उल्लेख एकाच्याही पदात नाही. मी लागले तेव्हा टायपिस्ट-कम-क्लार्क होते. आता माझ्या कार्डावर 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह, वर्कप्लेस एक्सपिरियन्स' असं आहे. पंचिंग मशीन हरवलं की अजून मलाच विचारतात.

बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका आपण शाळेत ऐकलेली असते. महाराजांनी सांगितलेलं पत्र लिहायला सवड झाली नाही, म्हणून त्यांनी कोरा कागद समोर धरला आणि अख्खं पत्र घडाघडा वाचून दाखवलं. खरंखोटं इतिहासकार जाणोत. आज ती विभागणी उलटी झाली आहे, एवढं मी स्वानुभवाने सांगते. कोऱ्या कागदावरून घडाघडा बोलण्याचं खातं साहेबांकडे गेलं आणि त्यातून पत्र काढायचं चिटणिसाकडे आलं. मला दुसरंच कुतूहल आहे. राजधानी राजगडावरून रायगडावर हलली, तेव्हा दप्तर कुणी बांधलं? गोण्या किती झाल्या, त्यातल्या किती वर पोचल्या, एखादी पाचाडात राहिली का? कुणीतरी बिचाऱ्याने नोंदवही ठेवलीच असणार, आणि पुढची कितीतरी वर्षं तो त्या एका गोणीचा पाठपुरावा करत बसला असणार.

आमची राजधानी हलली ती २० मार्च २०२० ला. त्या दिवशी सरकारने मुंबईतली ऑफिसं ३१ मार्चपर्यंत बंद ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांचा प्रश्न होता. मी टेबलावरच्या मनी प्लँटला अकरा दिवसांचं पाणी घातलं, खणात खाकऱ्याचं अर्धं पाकीट आणि ऑफिसातल्या चपला ठेवल्या आणि निघाले. सरकारी कर्मचाऱ्यांना तर त्याच्या तीनच आठवडे आधी, २९ फेब्रुवारीपासून, पाच दिवसांचा आठवडा मिळाला होता. शनिवारची सुट्टी मागणाऱ्यांना देवाने सोमवार ते शुक्रवारही देऊन टाकले. त्या निर्णयात माझं लक्ष गेलं ते एका बारीक गोष्टीकडे. ऑफिसची वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५, पण शिपायांसाठी ९.३० ते ६.३०. म्हणजे कुलूप उघडायला पंधरा मिनिटं आधी आणि लावायला पंधरा मिनिटं नंतर कुणीतरी लागतंच, हे निदान सरकारने कागदावर मान्य केलं. आमच्याकडे ती पंधरा मिनिटं आपोआप होतात असा समज आहे.

घरून काम म्हणजे इतरांसाठी एक लॅपटॉप आणि मागे पुस्तकांचं कपाट. माझ्याबरोबर डोंबिवलीला आले ते कंपनीचा गोल शिक्का, तारखेचे दोन शिक्के, तीन चेकबुकं, लेटरहेडचा गठ्ठा आणि कुठल्याही कुलपाला न लागणाऱ्या सतरा किल्ल्यांचा जुडगा. दोन खोल्यांच्या घरात त्यातल्या त्यात सुरक्षित जागा देवघराखालच्या खणाची, म्हणून ते तिथे गेले. खंडेनवमीला सासूबाईंनी शस्त्र म्हणून गोल शिक्क्याला हळदकुंकू वाहिलं. पुढे बरेच दिवस कंपनीच्या करारांवर शिक्का किंचित लालसर उमटायचा. लीगलवाल्यांनी "शाई बदलली का" म्हणून विचारलं. मी "हो" म्हणाले.

मीटिंगांत माझं काम मिनिट्स लिहायचं. त्यामुळे मला प्रत्येक मीटिंगला बसावं लागतं आणि एकाही मीटिंगमध्ये बोलावं लागत नाही. बाहेरच्या खोलीत मुलाची ऑनलाइन बारावी चाललेली असायची, यजमान बँकेतले म्हणजे अत्यावश्यक, ते बसच्या रांगेत. आतल्या खोलीत मी, लॅपटॉप, आणि शेजारी चाकांच्या खुर्चीत मेथी निवडत बसलेल्या सासूबाई. पहिले आठ दिवस त्यांनी सहन केलं. नवव्या दिवशी म्हणाल्या, "हा पुण्याचा खोटं बोलतोय." पुणे शाखेचे गृहस्थ तेव्हा नेटवर्क नाही म्हणून आकडे देता येत नाहीत असं सांगत होते. "गेल्या मंगळवारी आकडे तयार आहेत म्हणाला होता, तुझ्या वहीत बघ." वहीत बघितलं. होतं.

तिथून त्यांनी मीटिंगा मालिकेसारख्या धरल्या. दुपारची झोप अकराच्या कॉलनुसार सरकवली. नागपूरची मुलगी हुशार आहे पण तिला कुणी बोलू देत नाही, मार्केटिंगच्या त्या माणसाचं लग्न ठरलंय म्हणून तो सारखा केसांवरून हात फिरवतो, साहेब "छान, छान" म्हणाले की समजावं त्यांनी ऐकलेलं नाही, असे त्यांचे निष्कर्ष एकेक करून खरे ठरले. भाषाही आली. एकदा भाजीवाल्याने फ्लॉवर साठ रुपये सांगितला तर त्या गॅलरीतून म्हणाल्या, "हे आपण नंतर ऑफलाइन घेऊ." भाजीवाल्याला ते फारसं परकं वाटलं नसावं. त्याने दहा कमी केले.

घरून काम करताना मला एक शोध लागला, आणि तो फारसा विनोदी नाही. त्या घरात मी सत्तावीस वर्षं राहते आहे, पण माझ्या नावाचा, किल्लीचा असा एकही खण तिथे नाही. ऑफिसात आहे. टेबलाखालचा, तीन कप्प्यांचा, सगळ्यात वरच्याला कुलूप. त्यात काय असतं? कात्री, जेलुसिल, आवळा सुपारी, जास्तीचा पेन, डोकेदुखीच्या गोळ्या, मंगळसूत्राचा तुटलेला हूक. चोराने फोडला तर तो रडेल. पण "ते कुठंय गं?" असं विचारत त्यात कुणी हात घालत नाही. म्हणून परत या म्हटल्यावर वाईट वाटलं, हे खरं, आणि त्याच संध्याकाळी मी खणाची किल्ली शोधून पर्समध्ये टाकली, हेही खरं. माझा राग परत बोलावण्यावर नव्हताच. कशासाठी बोलावतो ते धड सांगितलं नाही, त्यावर होता. 'कार्यसंस्कृती' म्हणजे स्टेपलरच्या पिना संपल्या आहेत, एवढं म्हटलं असतं तरी मी आले असते.

तशी मी अधूनमधून जातच होते. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना लोकल खुली झाली, सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. ही वेळ ज्याने कुणी ठरवली त्याने आयुष्यात नोकरी केली नसावी, किंवा बायका फक्त खरेदीला बाहेर पडतात अशा घरात तो वाढला असावा. अकरा वाजता डोंबिवली सोडायची, कुर्ल्याला उतरायचं, तिथून बसने साडेबाराला ऑफिसात. पावणेतीनच्या आत परतीच्या गाडीत नाहीतर सात वाजेपर्यंत तिथेच. मधल्या दीड तासात चेकवर सह्या घ्यायच्या (सह्या करणारे गाडीतून खाली उतरत नसत, मीच काचेतून कागद सरकवायची), कुरियर द्यायचं, एसीच्या कपारीतल्या कबुतरांची चौकशी करायची आणि निघायचं. नंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांना गाडी खुली झाली ती सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. म्हणजे भूत किंवा दूधवाला, दोघांचीच सोय. पुढे दुसरी लाट, पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला, तेव्हा कुठे मला माझी गाडी भेटली.

लेडीज डब्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये नऊ जणी होत्या. परत आलो सहा. एकीने मुदतीआधी निवृत्ती घेतली, एक घरून मसाले विकते आणि आमच्यापेक्षा जास्त कमावते, एकीचा फोनच लागत नाही. या तिघींबद्दल आम्ही दिव्यापर्यंत बोलतो आणि मग भाजीचे डबे निघतात.

त्याच सुमारास कंपनीने दोनपैकी एक मजला सोडून दिला. भाडं वाचलं, साहेबांचं वर कौतुक झालं, आणि तिथले सगळे खण रिकामे करायचं काम माझ्याकडे आलं. माणसं घरी, किल्ल्या घरी, म्हणून किल्लीवाला बोलावून एकेक खण उघडला. लोकांचं आयुष्य २० मार्चला तिथेच थांबलेलं. दगड झालेला हलव्याचा डबा. 'आज करायचं' असं लिहिलेली चिठ्ठी. एका खणात फक्त दुसऱ्या कंपनीचा नोकरीचा अर्ज. तो मी पाकिटात घालून घरच्या पत्त्यावर पाठवला, कुणाला काही बोलले नाही. अकाउंट्समधल्या काकांच्या खणात एसीसाठीचा हातविणीचा स्वेटर, चार घड्या घातलेलं २०२० चं कॅलेंडर आणि पेटी कॅशमधून माझ्याकडून उसने नेलेले चौतीस रुपये, 'ताईंचे' असं लिहिलेल्या पाकिटात. काका एप्रिल २०२१ मध्ये गेले. चौतीस रुपये मी जमा करून व्हाउचर केलं. समोरच्या रकान्यात सही कुणाची घ्यायची ते मात्र सुचलं नाही.

तर आता फर्मानानंतरची परिस्थिती अशी, की माणसं एकशे बारा आणि टेबलं सत्तर. यावर 'हॉट डेस्क' नावाचा उपाय निघाला. कुणाचीच जागा ठरलेली नाही, फोनवरच्या ॲपमधून आदल्या रात्री जागा धरायची. ही फार आधुनिक कल्पना आहे असं आम्हाला प्रोजेक्टरवर दाखवण्यात आलं. मी मागे बसून ऐकत होते. डोंबिवलीच्या बायका गेली कित्येक वर्षं हॉट डेस्कवर जगत आहेत. गाडीत शिरल्या शिरल्या विचारायचं, "कुठे उतरणार?" ठाणे म्हणाली की तिच्यासमोर उभं राहायचं, ठाण्यानंतर ती जागा आपली, आपल्यानंतर कुणाची तेही ठरलेलं. ॲप नाही, पासवर्ड नाही. चौथ्या सीटला अर्धं अंगच टेकतं, पण जे टेकतं त्यावर दुसरं कुणी हक्क सांगत नाही.

ॲप पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलांवर रुमाल दिसू लागले. साताऱ्याकडची दोन मुलं आहेत, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. मग कुणी पाण्याची बाटली ठेवली, कुणी नुसतीच लॅपटॉपची वायर. महिन्याभरात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, एक 'ग्रोथ पार्टनर' दुसऱ्याच्या खांद्याशी उभा राहून अदबीने विचारत होता, "तुम्ही किती वाजता उठणार?" मला भरून आलं.

बसायला मिळालं की ते काय करतात? कानाला हेडफोन लावतात आणि मीटिंगला बसतात. पुणे पुण्यात, नागपूर नागपुरात, साहेब लोणावळ्यात, मग इथलेही आपापल्या पडद्यासमोर. शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांशी पडद्यातून बोलत असतात आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या हेडफोनमधून पाऊण सेकंदाने येतो. समोरासमोरचा संवाद म्हणून मी जे टाइप केलं होतं ते हे.

हे वेड आमचंच नाही. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसांनी ऑफिसात यायची गरज राहणार नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस यायला सांगितलं. ॲमेझॉनने २ जानेवारी २०२५ पासून पाच दिवस लावले. पण माझं मन जिंकलं ते झूमने. ज्यांच्या जिवावर सगळी दुनिया घरी बसली, त्या झूमनेच ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या माणसांना आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात यायला सांगितलं. जे ऑफिसपासून ५० मैलांच्या आत राहतात त्यांना. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. सीएसएमटीपासून रुळांवरून ८० किलोमीटर मोजले तर बदलापूर मागे पडून वांगणीच्या आसपास उतरावं लागतं. आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशी तिथूनच येतात. सहा दिवस. पहाटेच्या गाडीने, कारण आठच्या आत फरशी पुसून वाळायला हवी. त्यांना कुणी कधी घरून काम करा म्हटलं नाही, म्हणून परत या असं फर्मानही आलं नाही. सातव्या कलमात त्या नाहीत. त्या कंत्राटातल्या.

दर सोमवारी मी हजेरीचा तक्ता काढते. दारातल्या मशीनला कार्ड कुणी किती वाजता लावलं, सगळं त्यात येतं. लोकांनी त्यावरही तोड काढली. यायचं, कार्ड लावायचं, पॅन्ट्रीत कॉफी घ्यायची, तीन जणांना हाक मारून आपण आल्याचं सिद्ध करायचं, जायचं. परदेशात याला कॉफीच्याच नावाने ओळखतात. पॅन्ट्रीतला दादा त्याला 'दर्शन' म्हणतो. "आज बाराच्या आत सव्वीस दर्शनं झाली ताई, दूध संपलं." वरून विचारणा आली की आत आल्याची वेळ आहे तशी बाहेर गेल्याची का नाही? आता बाहेर जातानाही कार्ड लावायचं. त्यामुळे सिगरेटला जाणारे तक्त्यात दिवसातून आठ वेळा नोकरी सोडून पुन्हा लागतात. त्या तक्त्यात पहिलं नाव माझं असतं, आद्याक्षरामुळे नव्हे, वेळेमुळे. लोक मला आता जरा भिऊन असतात. कोकणात जाऊन आलेले आंबापोळी आणतात. मी घेते. तक्त्यात काही बदलत नाही, पण हे त्यांना माहीत असण्याची गरज नाही.

राहता राहिल्या खुर्च्या.

जून २०२० मध्ये, माणसांच्या पाठी दुखू लागल्यावर, कंपनीने चाकांच्या खुर्च्या घरोघर पोचवल्या. टेम्पो ठरवला मी, रजिस्टर ठेवलं मी. चौसष्ट खुर्च्या, विरारपासून पनवेलपर्यंत. प्रत्येकीच्या बुडाला पांढरं स्टिकर आणि क्रमांक. आता माणसं परत, तर खुर्च्याही परत, असा तर्क निघाला. अकाउंट्सला विचारलं, चार-पाच वर्षं वापरलेली खुर्ची, टेम्पोचं भाडं तिच्याहून जास्त, सोडून द्यायची का? ते म्हणाले, कंपनी कायद्यात फर्निचरचं आयुष्य १० वर्षं धरतात, पुस्तकात ती अजून जिवंत आहे. जिवंत आहे म्हटल्यावर शोध घेणं आलं.

मुलुंडची खुर्ची नाशिकला सापडली. ज्या मुलीला दिली तिचं लग्न झालं आणि घरच्यांनी ती कौतुकाने रुखवतात मांडली. 'मुलीला कंपनीकडून' अशी चिठ्ठीही लावली होती म्हणे. सासरचं माणूस त्यावर बसतं, परत कशी मागायची? भायंदरची एक आली ती चाकांशिवाय, चाकं माशांच्या टाकीखाली आहेत. कल्याणची आली तिला पावडरचा वास आणि चाकांत केस. भावाचं सलून बंद पडलं होतं, त्याने घरीच दोन वर्षं गिऱ्हाइकं केली, वरखाली होणारी खुर्ची देवासारखी आली म्हणाला. त्याने आमच्या टेम्पोवाल्याची दाढी फुकट करून दिली. आणि ठाण्याची तर मजाच. आमचा एक मुलगा दुसऱ्या कंपनीत गेला तो आमची खुर्ची ठेवून, आणि नेमका त्या कंपनीतला एक आमच्याकडे आला तो त्यांची ठेवून. त्यांच्या ॲडमिनची बाई माझ्याच डब्यात, चौथ्या सीटवर. मुंब्र्यापाशी आमचं ठरलं. तिने तिच्या वहीत 'बदली खुर्ची प्राप्त' लिहिलं, मी माझ्या. दोन कंपन्यांचे दोन हिशेब जुळले आणि दोन्ही खुर्च्या होत्या तिथेच राहिल्या. चांगलं प्रशासन म्हणून कुठे शिकवत असतील तर हे शिकवावं.

असं करत त्रेसष्ट नोंदी कटल्या. मग साहेब एका बुधवारी खरोखरच ऑफिसात आले. त्यांना टेबल मिळालं नाही. रुमाल टाकायचा असतो हे माहीत नव्हतं. ते माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि वेळ घालवायला विचारलं, "खुर्च्यांचं काम कुठवर आलं?"

"एक राहिलीय सर. एक्केचाळीस नंबर."

"कुठे आहे?"

"डोंबिवलीला."

"अरे वा, मग तुमच्या वाटेवरच आहे. जाता-येता बघा ना जरा."

"रोज बघते सर."

"छान, छान," साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी पोचले तर सासूबाई नेहमीसारख्या गॅलरीशी चाकं वळवून बसल्या होत्या. चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "पुण्याने आकडे दिले का?" नाही म्हटलं. मग त्यांनी पाय टेकून खुर्ची आत ढकलली आणि मेथीची जुडी माझ्या हातात दिली.

रजिस्टरात एक्केचाळीस नंबरसमोर 'पाठपुरावा चालू' असं लिहिलेलं आहे. खाली शिक्का आहे, किंचित लालसर.